नाडी बहात्तर, पेशंट स्थिर

छाणीच्या अलीकडे, जिथे पूर्वी रंगाचं गोदाम होतं, तिथे श्रीमंत उदयसिंहरावांनी नर्सिंग कॉलेज काढलं. देशात उदारीकरण आलं होतं, आणि उदारीकरण म्हणजे ज्याच्याकडे पडीक जागा आहे त्याने तिच्यात कॉलेज काढणं, एवढं त्यांना वर्तमानपत्रांवरून कळलं होतं. त्यांच्या पणजोबांकडे संस्थानच्या काळात हत्तींची देखरेख होती. हत्ती गेले, देखरेखीची हौस राहिली. "इंग्लंडला नर्सा पाहिजेत, दुबईला पाहिजेत, आणि आजारी माणसं तर आपल्या बडोद्यातसुद्धा आहेत," असं ते उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. गोदामाला पांढरा रंग दिला, वर 'आरोग्यलक्ष्मी' अशी पाटी लावली. जुन्या रंगाचा वास काही जाईना. तो औषधांचा आहे, असं पहिल्या दिवशी मुलींना सांगण्यात आलं.

तरसालीच्या नीरजाने नाक मुरडलं, पण प्रवेश घेतला. तिचे वडील जनार्दन मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडी पेट्या उचलायचे. उचलून उचलून त्यांना हर्निया झाला होता, आणि तो ते लुंगीत लपवून हिंडत होते. मुलगी नर्स झाली की तीच बघेल, असा त्यांचा साधा हिशोब.

कॉलेजात प्रात्यक्षिकाची खोली होती. खोलीत एक पलंग आणि पलंगावर अंबाल्याहून आणलेला माणसाएवढा पुतळा. त्याचं पोट डब्याच्या झाकणासारखं उघडायचं, आत आतडी, मूत्रपिंडं, सगळं रंगीत. यकृत तेवढं पहिल्याच इन्स्पेक्शनच्या धावपळीत हरवलं होतं. मुली त्याला मंगळदास म्हणत. मंगळदास महाग होता, म्हणून त्याच्यावर कायम प्लॅस्टिकचं आवरण असे. ते निघायचं दसऱ्याला, श्रीमंतांच्या घरच्या तलवारीबरोबर त्यालाही हळदकुंकू लावण्यापुरतं. खोलीत नळही होता. पाण्याची टाकी मात्र अजून कागदावर होती.

अशा परिस्थितीत दुसऱ्या कोणी हात टेकले असते. प्राचार्य पद्मा मॅडमनी टेकले नाहीत. त्यांनी 'समजा' पद्धत काढली.

"समजा, मी हात धुतले," असं म्हणून मुलगी हवेत हातावर हात चोळायची. "समजा, मी हातमोजे घातले. समजा, पेशंटला मी माझं नाव सांगितलं. समजा, पेशंट हो म्हणाला." मंगळदास कधी नाही म्हणाला नाही. नाडीची वेळ आली की मुलीने प्लॅस्टिकवर दोन बोटं टेकायची, छताकडे बघायचं आणि म्हणायचं, "समजा, बहात्तर. पेशंट स्थिर."

"मॅडम, बहात्तरच का?" नीरजाने विचारलं.

"मग तुला किती पाहिजे?" पद्मा मॅडम म्हणाल्या. "बहात्तर नॉर्मल आहे. पेशंट खूश, नातेवाईक खूश, डॉक्टर खूश. उगाच ऐंशी-नव्वद करून कोणाच्या पोटात गोळा आणायचा?"

वर्गात पहिली यायची दीप्ती. दीप्ती ही मुलगी नव्हती, छापखाना होती. 'शस्त्रक्रियेनंतर पेशंटची देखभाल' असा प्रश्न टाकला की मुद्दे पडायला लागायचे, आणि मध्ये कोणी शिंकलं तरी एक मुद्दा इकडचा तिकडे होत नसे. नीरजाची तऱ्हा उलटी. सयाजीगंजातल्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, तिने एक जुनं, पाठ फाटलेलं पुस्तक आणलं होतं, आणि त्यात लिहिलेलं ती करून बघायची. जनार्दनरावांची नाडी बघ, शेजारणीचं बीपी बघ. कॉलेजात यालाच 'प्रॅक्टिकलमध्ये कच्ची' म्हणत.

वार्षिक परीक्षेला सुरतेहून परीक्षक आले. त्यांना परतीची गाडी पकडायची होती.

"चला, हात धुवा," ते म्हणाले.

नीरजाने नळ सोडला. नळाने सुस्कारा टाकला. ती बादली घेऊन खाली वॉचमनच्या हातपंपावर गेली, बादली भरून वर आली, पुस्तकात सांगितलंय तसे नखांपासून कोपरापर्यंत हात धुतले आणि ते वर धरून पलंगाशी येऊन उभी राहिली. परीक्षक बॅग आवरत होते. त्यांनी शेरा दिला: हात उत्तम. पेशंटपर्यंत पोचण्यात अपयश. नापास.

"कसं होणार गं तुझं?" पद्मा मॅडम खरोखर कळवळून म्हणाल्या. "तू नर्स होशीलसुद्धा एखादवेळी. पण पास कशी होणार?"

यानंतर नियम आला. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल पाहिजे. श्रीमंतांनी गोदामाच्या माळ्यावर पलंग मांडले आणि जिन्यावर 'हॉस्पिटल' अशी पाटी लावली. एका खोलीला ऑपरेशन थिएटर म्हणायला लागले, आणि उदारीकरणाचीच कृपा, तिथे एअरकंडिशनर बसला. पलंग झाले तर त्यांच्यावर माणसं पाहिजेत. तेव्हा नोटीस निघाली: प्रत्येक विद्यार्थिनीने घरातला किमान एक पेशंट आणावा, अंतर्गत गुण त्यावर दिले जातील. घराघरात शोध सुरू झाला. ज्यांच्याकडे सगळे ठणठणीत होते त्या मुली रडकुंडीला आल्या. मोहना म्हणून एक होती, तिने आजोबांना तीन दिवस हिरवा चिवडा खाऊ घातला तेव्हा कुठे त्यांचं पोट बिघडलं. दीप्तीने मामांची मूळव्याध आणली आणि याही विषयात पहिली आली.

नीरजाला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. तिला हे गुण सोडून चालणार नव्हतं. ती घरी काही बोलली नव्हती, पण जनार्दनरावांना कुठूनसं कळलं.

"माझा हर्निया काय चाटायचाय?" ते म्हणाले. "ने की मला. मुलीच्या कॉलेजात नाही करायचं तर कुठे करायचं?"

"बाबा, तिथे नको. आपण मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ."

"तिथे मला कोण ओळखतं? इथे सांगता तरी येईल, ही माझी मुलगी."

त्यांनी लुंगी सोडून नवा पायजमा घेतला.

त्याच सुमारास श्रीमंतांच्या डोक्यात गुणवत्तेचं प्रमाणपत्र आलं. त्या वर्षांत बडोद्यात ज्याला त्याला ते पाहिजे होतं. स्क्रू बनवणाऱ्यांना मिळालं होतं, भाकरवडीवाल्यांनाही मिळायच्या बेतात होतं. अहमदाबादहून टाय लावलेला सल्लागार आला. तो ना पलंगांकडे वळला, ना नळाकडे. त्याने कागद पाहिले आणि भिंतीवर एक वाक्य रंगवायला सांगितलं: 'जे लिहिलं नाही, ते झालं नाही.' पद्मा मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मनातल्या मनात उलटंही करून घेतलं. लिहिलं, की झालं.

जनार्दनरावांचं ऑपरेशन सकाळी झालं. केलं डॉक्टर उत्कर्ष यांनी. त्यांचा हात चांगला होता, पण तो शहरातल्या बऱ्याच हॉस्पिटलांत वाटलेला होता. टाके घातले, "देखभाल नीट करा" म्हणाले आणि अलकापुरीतल्या आपल्या दवाखान्यात निघून गेले. वॉर्डात ड्यूटी दीप्तीची होती. नातेवाईक विद्यार्थिनीला ड्यूटी द्यायची नाही, असा नियम होता, आणि तेवढा एक नियम तिथे पाळला जायचा.

शुद्धीवर येता येता जनार्दनराव पुटपुटले, "सिस्टर, संध्याकाळी थोडी सेव-उसळ चालशे ने?"

"वारा सरेपर्यंत तोंडाने काही नाही," दीप्ती म्हणाली. "चौथा मुद्दा."

दुपारच्या सुट्टीत नीरजा जिना चढून वर आली. पलंगाच्या पायथ्याशी चार्ट लटकत होता. सुंदर अक्षर. सकाळपासून दर अर्ध्या तासाची नोंद. नाडी बहात्तर, बहात्तर, बहात्तर. बीपी एकशेवीस-ऐंशी. शेवटच्या रकान्यात पेशंट स्थिर, पेशंट स्थिर. दुपारच्या पुढच्या दोन नोंदीही झालेल्या होत्या, कारण दीप्तीला तीन वाजता पाहुण्यांसाठी रांगोळी काढायला जायचं होतं. पाहुणे म्हणजे प्रमाणपत्र देणारे साहेब. ते दोन दिवसांनी येणार होते.

नीरजाने वडिलांच्या मनगटावर बोटं ठेवली. हात गार. घामाने चिकट. नाडी सापडली, पण ती चालत नव्हती, पळत होती, दोऱ्यासारखी बारीक.

"बाबा, कसं वाटतंय?"

"तहान लागलीये गं. आणि जरा वर उचल मला, बुडाल्यासारखं होतंय."

पट्टी वरून कोरडी, पांढरीशुभ्र. नीरजाने त्यांच्या कमरेखाली हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत लाल होता.

"दीप्ती," ती म्हणाली, "हे बघितलंस?"

दीप्तीने बघितलं. "पट्टी कोरडी असली तरी रक्त उताराने पाठीखाली साचते, म्हणून पेशंटखाली हात घालून पाहावे," ती एका दमात म्हणाली. "सहावा मुद्दा. मला पाठ आहे."

"मग घातला होतास का?"

"काय?"

"हात."

त्या मुद्द्यातला हात हा आपल्या खांद्याला असतो तोच, ही गोष्ट दीप्तीला कोणी सांगितली नव्हती.

नीरजा पद्मा मॅडमकडे धावली. मॅडम प्राचार्यही होत्या आणि मेट्रनही. त्या वर आल्या आणि सरळ चार्टपाशी गेल्या.

"बहात्तर आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझ्या बोटांना एकशेतीस लागतायत."

"तुझी बोटं तपासलेली आहेत का? बीपीच्या मशीनला दर वर्षी सर्टिफिकेट लागतं. तुझ्या बोटांना आहे?"

नीरजाने आपला लाल हात त्यांच्यासमोर धरला. मॅडमचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्या काही दगड नव्हत्या. दोन दिवसांवर प्रमाणपत्र आलेलं असताना पेशंट दगावणं किती वाईट, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. टेलिफोन लाकडी पेटीत कुलपात असायचा. त्यांनी कुलूप काढलं आणि अलकापुरीला फोन लावला.

"सर, तो हर्नियाचा पेशंट. जरा येता का?"

"चार्ट काय म्हणतो?"

चार्ट मॅडमच्या हातातच होता. विचारलं की वाचायचं, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. "नाडी बहात्तर, बीपी एकशेवीस-ऐंशी."

"म्हणजे स्थिर आहे. मग फोन कशाला?"

"एक मुलगी घाबरलीये."

"मुलीला पाणी पाजा."

नीरजाने रिसीव्हर ओढून घेतला. "सर, चार्ट खोटा आहे. बाबांच्या खाली रक्त साचलंय."

"कोण बोलतंय? स्टुडंट?" पलीकडून आवाज आला. "हे बघ, इथे माझ्या टेबलावर माणूस झोपवलेला आहे. चार्ट खोटा असेल तर मी येणार कशाच्या जोरावर? चार्ट दुरुस्त करा, मग कळवा." फोन ठेवला गेला.

आता चार्ट दुरुस्त करणं आलं. नीरजाने पेन काढलं आणि शेवटच्या ओळीपुढे एकशेतीस लिहायला वाकली. मॅडमनी तिचा हात धरला.

"काय करतेस? एकदम एकशेतीस? मग आधीचे बहात्तर खोटे ठरतील."

"खोटेच आहेत ते, मॅडम."

"खोट्या नोंदी या हॉस्पिटलात चालणार नाहीत," पद्मा मॅडम करारीपणाने म्हणाल्या. "म्हणून त्या सगळ्या बदल. नवा कागद घे. सकाळपासून हळूहळू चढव. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, ब्याण्णव, असं. बीपी तसंच उतरव. पेशंट अचानक बिघडला तर निष्काळजीपणा होतो बेटा. हळूहळू बिघडला तर तो निसर्ग असतो."

"तोवर माणूस जाईल माझा."

"म्हणून तर सांगते, भरभर लिही. अक्षर तुझं चांगलं आहे. आणि पेन बदलत राहा, एकाच शाईने सगळा दिवस लिहिलेला दिसता कामा नये."

नीरजाने वडिलांकडे पाहिलं. ते छताकडे बघत जांभया देत होते. तिच्या फाटक्या पुस्तकात लिहिलं होतं की अशा पेशंटला जांभया येतात ते काही झोप आली म्हणून नव्हे. पाय उंच राहावेत म्हणून तिने पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या, अंगावर दोन ब्लँकेटं टाकली, कपड्याची जाड घडी करून जखमेवर ठेवली आणि दीप्तीला म्हणाली, "इथे दाबून धर. सगळा जोर लाव. सोडू नकोस."

"हातमोजे नाहीत," दीप्ती म्हणाली.

"समजा, घातलेत."

तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला. दीप्तीला एकदम ओळखीचं वाटलं. तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आणि नीरजा लिहायला बसली. रक्ताचा हात तिने ओढणीला पुसला, म्हणजे कागदावर डाग पडायला नको. सकाळी दहाला तिने नाडी अठ्ठ्याहत्तर केली. साडेदहाला ब्याऐंशी. अकराला जरा खाली आणली, ऐंशी, कारण सारखंच चढत गेलं तर खरं वाटत नाही, हे तिचं तिलाच सुचलं. मॅडम कौतुकाने बघत होत्या. प्रत्येक रकान्याला वेगळं पेन. बाराला पेशंटला 'किंचित अस्वस्थ' केलं, साडेबाराला 'त्वचा थंड'. एकच्या नोंदीला अक्षर वाकडं गेलं, तर मॅडम म्हणाल्या, "असू दे, चालशे, तिथे घाई दिसायलाच हवी." पलीकडे खरा माणूस गार पडत होता आणि इथे कागदावरचा माणूस शिस्तीत त्याच्यापाशी पोचत होता. दोघांची गाठ पडली तेव्हा मॅडमनी पुन्हा पेटीचं कुलूप काढलं.

"सर, नाडी दहा वाजता अठ्ठ्याहत्तर होती, ती चढत चढत एकशेतीसवर आलीये. बीपी नव्वदच्या खाली."

"अरे, मग हे आधी सांगायचं ना," डॉक्टर उत्कर्ष म्हणाले, आणि टेबलावरचा माणूस टाके घालून झाल्याबरोबर निघाले.

जनार्दनराव वाचले. जखम पुन्हा उघडली, आतली एक सुटलेली रक्तवाहिनी बांधली, नात्यागोत्यातल्यांनी रक्त दिलं. दीप्तीच्या मनगटांना दोन दिवस सूज होती, आणि हा अनुभव कुठल्या मुद्द्यात बसवायचा ते तिला कळत नव्हतं. हात धुताना डॉक्टर चार्टकडे बघून म्हणाले, "इतकी बारकाईने ठेवलेली नोंद मी या शहरात पाहिली नाही. या चार्टने माणूस वाचवला." हात धुवायला पाणी नीरजानेच आणून दिलं होतं, बादलीने.

साहेब आले. टायवाल्या सल्लागाराने तो चार्ट त्यांच्यासमोर ठेवला. साहेबांनी तो भिंगातून बघितला, खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही, आणि जागच्या जागी प्रमाणपत्र मंजूर केलं. चार्ट लॅमिनेट होऊन भिंतीवरच्या त्या वाक्याखाली लागला. दीप्तीचा जुना चार्ट मॅडमनी स्वतः फाडला, कारण त्यात खोटं लिहिलं होतं.

समारंभ झाला. श्रीमंत उदयसिंहरावांनी पगडी घातली होती. मंगळदासलाही खाली आणून हार घातला होता. नीरजाला शाल, श्रीफळ आणि पास झाल्याचं पत्र, तिन्ही एकाच ताटात दिली. पहिल्या रांगेत जनार्दनराव पोटावर हात ठेवून बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "तो भिंतीवरचा चार्ट आहे ना, तो माझा."

नीरजाच्या हातात माईक आला. तिने एकदा वडिलांकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "या चार्टमधला शेवटचा सोडून एकही आकडा खरा नाही. कोणी नाडी बघितली नव्हती. मी बसून लिहिलेत."

मग श्रीमंतांनी माईक घेतला.

"याला म्हणतात विनय," ते पगडी सावरत म्हणाले. "एवढं करूनही मुलगी म्हणते, मी काही केलं नाही."

टाळ्या थांबेनात. सगळ्यात जोरात वाजवत होते जनार्दनराव.

नीरजाला त्याच कॉलेजात नोकरी देण्यात आली, नोंदी कशा ठेवाव्यात हा विषय शिकवायला. तिने ती घेतली. निदान पुढच्या मुलींना तरी खरं सांगता येईल, असं तिला वाटलं. पहिल्याच तासाला ती म्हणाली, "बाकी सगळं विसरा. पट्टी कोरडी दिसली तरी पेशंटच्या खाली हात घाला. आपला, खांद्याला असतो तो हात." समोरच्या साठ मुलींनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. एकीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हा सहाव्या मुद्द्यात घ्यायचा की सातव्या?"

त्या मुली पुढे पास झाल्या, एकूण एक पहिल्या वर्गात. काही दुबईला गेल्या, काही इंग्लंडला. बऱ्याचशा इथेच आहेत, तुमच्या घराजवळच्या त्या नव्या काचेच्या हॉस्पिटलात. तुम्हीही तेच निवडलंत, कारण तिथे एसी आहे, खाली कॉफी मिळते, आणि रिसेप्शनवर मुलगी इंग्रजीत हसते. हात धुतले का, असं तुम्ही तिथे कोणाला विचारलं नाहीत. विचारवत नाही, बरं दिसत नाही.

तेव्हा ऑपरेशन झाल्यावर शांत पडून राहा. पायथ्याचा चार्ट बघा, अक्षर किती छान आहे. नाडी बहात्तर, पेशंट स्थिर. पाठीखाली काही ओलसर लागलंच, तर तो घाम आहे असं समजा.